हशाला बसायला जागा

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिग्दर्शक पौलोस मालियेक्कल स्वतःच्याच चित्रपटातून उठून बाहेर आले. त्रिशूरच्या श्रीलक्ष्मी टॉकीजमध्ये फिल्म सोसायटीचा महोत्सव चालू होता. पडद्यावर 'राफेल बँडसेट' निम्मा झाला होता आणि भरलेले थिएटर खदखदून हसत होते.

सोसायटीचे अध्यक्ष प्राध्यापक रघुराम पणिक्कर मुंडूचा सोगा सावरत त्यांच्यामागे धावले.

"पौलोसेट्टा, काय झालं? बरं वाटत नाही का? पाणी सांगू?"

"पाणी नको, माषे. चित्रपट कोणी कापला ते सांगा." पणिक्करांना सगळे माषे, म्हणजे मास्तर, म्हणत.

"कापला? अहो, कापला नाही. नवा केलाय. चेन्नईच्या कंपनीनं एकेक चौकट धुऊन काढलीय. ऐकलंत ना, लोक किती हसतायत?"

"ऐकलं. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनीही ऐकलं."

शेजारच्या खुर्चीत अन्नक्कुट्टी होत्या. वय ब्याऐंशी. दोन पिढ्या त्यांना ताई या अर्थी अन्नच्चेची म्हणत आल्या होत्या. नाटकमंडळीत आयुष्य गेलेल्या या बाईने चित्रपटात मोजक्याच भूमिका केल्या, आणि त्यातल्या एका वाक्यावर लोक त्यांना पेरुन्नाळच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, गर्दीतही ओळखत. ते वाक्य 'राफेल बँडसेट'मधले होते. आज ते ऐकायला भाची त्यांना चालकुडीहून गाडी करून घेऊन आली होती. वाक्य आले आणि गेले. कोणालाच ऐकू आले नाही. अन्नच्चेची अंधारात पौलोसच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "पौलोसे, मी नीट बोलले नव्हते का रे?"

त्यावर पौलोस उठले होते.

प्रसंग असा आहे. राफेल हा लग्ना-पेरुन्नाळात कॉर्नेट वाजवणारा. त्याच्या बँडला एका घरी साखरपुड्याची सुपारी मिळते, पण फाटक चुकते. अंगणात मांडव आहे, माणसे पांढऱ्या कपड्यांत आहेत, एवढे बघून राफेल रस्त्यातूनच वरातीची धून सुरू करतो आणि नाचत आत शिरतो. मांडवाखाली शवपेटी आहे. बँडमधले एकेक वाद्य मागून बंद पडत जाते. शेवटी एकटा राफेल वाजवत राहतो, मग त्याला पेटी दिसते. कॉर्नेट हळूहळू खाली येते. कोणी बोलत नाही. बराच वेळ कोणीच बोलत नाही. मग पेटीच्या उशाशी बसलेली विधवा, म्हणजे अन्नक्कुट्टी, मान वर न करता म्हणते, "थांबलात का? वाजवा की. मला या घरात आणलं तेव्हा हेच वाजत होतं."

राफेल तीच धून पुन्हा वाजवतो. पण या वेळी सावकाश.

चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसत असतानाच हे वाक्य येत नसे. हसून संपल्यावर येत असे. पुढच्या बाकांवरचे लोक डोळे पुसत असायचे, आणि वाक्य संपले की तेच डोळे पुन्हा पुसायचे. आता कॉर्नेट खाली यायला लागली की लगेच वाक्य. पाचशे माणसांच्या हशात एका म्हातारीचा हळू आवाज कुठे पोहोचणार?

चेन्नईच्या कंपनीचा माणूस मॅनेजरच्या खोलीत बसला होता. नाव मुगिलन, तिशीतला, मृदू बोलणारा. पौलोस आत येताच तो उभा राहिला.

"सर, नमस्कार. मी तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत."

"कापायच्या आधी की नंतर?"

मुगिलनने पणिक्करांकडे पाहिले. पणिक्करांनी खिडकीकडे.

"सर, आम्ही कथेला हात लावला नाही. एक संवाद काढला नाही. फक्त रिकाम्या जागा आवळल्या. दृश्यात काही घडत नाही, आवाज नाही, नुसती माणसं बघत उभी आहेत, असे तुकडे."

"किती?"

"सगळे मिळून अकरा मिनिटं."

पौलोस खुर्चीवर बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या आवाजात चढ नव्हता. त्यांना ओळखणाऱ्यांना हे लक्षण ठाऊक होते. सेटवर ते ओरडत असले की सगळे ठीक चालले आहे असे समजत.

"बाबा, तुझ्या घराला तिण्णा होती का?"

"ओसरी? आजोबांच्या घराला होती, सर."

"पाहुणा आला की तिण्णेवर बसतो. पाय धुतो, पाणी पितो, दम घेतो. मग आत येतो. तिण्णेवर भांडी नाहीत, कपाट नाही, म्हणून ती रिकामी म्हणायची का? माझ्या पटकथेत जागोजागी समासात हा एकच शब्द लिहिलेला असायचा. तिण्णा. इथं हसू येणार, त्याला बसायला जागा ठेवा. तुम्ही घराची तिण्णा पाडलीत आणि म्हणताय भिंतीला हात लावला नाही."

ही जागा किती ठेवायची हे ठरवण्याची त्यांची आणि संकलक देवस्सीची एक रीत होती. चेन्नईतल्या कोडंबाक्कमच्या संकलनखोलीत देवस्सी पडद्यासमोर उभा राहून हसायचा. खरा नव्हे, ठरवून. पण पुढच्या बाकावरचा बिडी कामगार जसा पोटातून हसेल तसा, पूर्ण दम संपेपर्यंत. पौलोस टेबलावर हात ठेवून बसायचे. देवस्सीचा हशा ओसरला, त्याने नाक पुसले, की पौलोस हात उचलायचे. तिथे पुढचे वाक्य. शेजारच्या खोल्यांतले लोक त्या दोघांना वेडे समजत. कोट्टयमचे लोक कमी हसतात आणि उशिरा हसतात, त्रिशूरचे लगेच हसतात आणि थांबत नाहीत. देवस्सी दोन्ही प्रकारे हसून दाखवायचा आणि दोघांच्या मधली जागा धरायचा. त्याला जाऊन आता नऊ वर्षे झाली.

मुगिलनने सगळे ऐकून घेतले. मग त्याने जे सांगितले ते खोटे नव्हते, आणि म्हणूनच पौलोसना जास्त लागले.

"सर, थिएटरात बरोबर आहे. पण पुढच्या शुक्रवारी हा सिनेमा फोनवर येणार. तिथं माणूस एकटा असतो. एकटा माणूस तेवढं हसत नाही. आम्ही शंभर लोकांना मूळ सिनेमा दाखवून पाहिला. त्या रिकाम्या जागी त्यांना वाटलं नेटवर्क अडकलं. बऱ्याच जणांनी तिथंच बंद केला."

"मग बंद करू दे."

"तसं कसं चालेल, सर?"

"माझ्या नावानं अन्नक्कुट्टीचं तोंड बंद करण्यापेक्षा त्यांनी फोन बंद केलेला बरा. मूळ कुठाय?"

निर्मात्याच्या मुलाने सगळे हक्क कंपनीला दिले होते. रिळांचे डबेही त्याबरोबर गेले. स्कॅन केलेली पूर्ण प्रत काम संपल्यावर पुसली होती. जागा लागते, मुगिलन म्हणाला. हे म्हणताना तो पहिल्यांदा अडखळला. डब्यांचे काय झाले हे त्याला ठाऊक नव्हते. व्हिनेगरसारखा वास सुटलेली रिळे साधारणपणे मोडीत जातात.

"पौलोसेट्टा," पणिक्कर म्हणाले, "उद्या संध्याकाळी तुमचा जीवनगौरव आहे. तोवर जरा—"

"तोवर जरा काय, माषे? गप्प बसू? माझ्या चित्रपटातही गप्प बसायचे तुकडे काढून टाकलेत ना तुम्ही?"

घरी बायकोने, त्रेस्याने, वेळ्ळेप्पम आणि स्ट्यू वाढला. पौलोस जेवले नाहीत. त्यांनी सोसायटीची स्मरणिका उघडली आणि स्वतःवरचा लेख मोठ्याने वाचायला घेतला.

"ऐक. 'गंभीर चित्रपटाच्या सुवर्णकाळात मालियेक्कल यांनी जनसामान्यांना हसवत ठेवले.' हसवत ठेवले. मी काय गुदगुल्या करत फिरत होतो? 'त्यांच्या चित्रपटांतील विनोदी प्रसंग आजही मोबाइलवर जिवंत आहेत.'"

"चांगलंच लिहिलंय की."

"प्रसंग जिवंत आहेत म्हणे. चित्रपट मेला, त्याचा हात जिवंत आहे, असं म्हणतात का कधी?"

"ओरडू नका. म्हणजे ओरडा, पण जेवून ओरडा."

त्रेस्याला हा राग नवा नव्हता. बत्तीस वर्षांत एकोणीस चित्रपट, त्यातले सतरा विनोदी. सतरांपैकी एकाचेही परीक्षण मोठ्या साप्ताहिकाने छापले नाही. पुरस्कार समितीने एकदा त्यांच्या चित्रपटाला बक्षीस दिले ते केशभूषेसाठी, आणि ज्या नटाच्या केसांसाठी दिले तो टकला होता. 'राफेल'चा तमिळ अवतार निघाला तेव्हा त्या अंगणात हाणामारी घातली गेली. हिंदीत तो प्रसंगच गाळला. अंत्ययात्रेला हसणे तिकडे चालणार नाही, असे सांगण्यात आले. एका वाहिनीने वर्षानुवर्षे फक्त कॉर्नेट खाली येईपर्यंतचा तुकडा दाखवला. तो पाहून एका पाद्रीबुवांनी प्रवचनात म्हटले, की मालियेक्कल मेलेल्यांची टिंगल करतो. त्या रविवारी पौलोस चर्चमध्ये तिसऱ्या ओळीत बसले होते.

हे सगळे त्यांनी गिळले, कारण पूर्ण चित्रपट कुठेतरी डब्यात आहे, एवढा आधार होता.

"अन्नच्चेचीला काय सांगितलंत?" त्रेस्याने विचारले.

"काय सांगणार? म्हटलं, यंत्राची चूक आहे. म्हणाली, यंत्र राफेलचा आवाज बरोबर ऐकवतं, बँडचा ऐकवतं, माझाच कसा चुकवतं. म्हणाली, तेव्हाच मला वाटलं होतं जरा मोठ्यानं बोलायला हवं होतं, तू नको म्हणालास."

"खरंच नको म्हणाला होतात?"

"हो. मी तिला सांगितलं होतं, चेची, तू हळू बोल. शांतता मी करून देतो." पौलोसनी स्मरणिका मिटली. "मी शब्द दिला होता तिला."

त्रेस्याने ताटातला वेळ्ळेप्पम उचलून झाकून ठेवला. मग म्हणाली, "मग उद्या जाऊन थिएटर गप्प करा."

रविवारी संध्याकाळी पाच वाजता श्रीलक्ष्मी टॉकीज पुन्हा भरले. पौलोसनी शाल घेतली, मानचिन्ह घेतले, भाषण केले नाही. माइकवर एवढेच म्हणाले, की आता चित्रपट मी दाखवतो, आणि जिना चढून वर प्रक्षेपणखोलीत गेले. पणिक्कर पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना समजावत राहिले, की हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांना स्वतःला तसे वाटत नव्हते.

वर मुगिलन लॅपटॉपशी बसला होता. त्याने दुसरी खुर्ची ओढून दिली.

"मी टेबलावर हात ठेवला की थांबव," पौलोस म्हणाले. "उचलला की सोड."

"सर, चित्र गोठेल. माणसं पुतळ्यासारखी दिसतील."

"मला माहीत आहे काय दिसेल ते."

पहिल्यांदा चित्र थांबले तेव्हा खाली शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली. त्रिशूरच्या प्रेक्षकाला यंत्र बिघडलेले सहन होत नाही. "मशीनला कॉफी पाजा," कोणीतरी ओरडले. "ओ चेट्टा, झोपलात का वर?" दुसऱ्यांदा थांबले तेव्हा निम्मे ओरडले, निम्मे हसले. तिसऱ्या वेळी लोकांना कळले. कोणी कोणाला समजावून सांगितले नाही. थांबलेल्या चित्रासमोर ते हसायचे ते हसून घेऊ लागले, आणि हशा ओसरला की खालूनच एक आवाज यायचा, "हां, आता सोडा."

मुगिलन पडद्याकडे बघत नव्हता. तो पौलोसच्या हाताकडे बघत होता.

राफेल नाचत अंगणात शिरला. वाद्ये बंद पडली. कॉर्नेट खाली यायला लागली, आणि पौलोसनी हात ठेवला. खाली थिएटरात हशा फुटला. हात तसाच. हशा एकदा ओसरला, मागच्या कोपऱ्यातून एका बाईला पुन्हा उबळ आली, तिला बघून बाकीचे परत हसले. मुगिलनचे बोट बटणावर होते. त्याला वाटले आता, पण हात हलला नाही. मग खोकला, खुर्च्यांची करकर, आणि काहीच नाही. पौलोसनी हात उचलला.

"थांबलात का? वाजवा की. मला या घरात आणलं तेव्हा हेच वाजत होतं."

वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेले. खाली कोणी हलले नाही.

"सर," मुगिलन हलक्या आवाजात म्हणाला, "चुकलं आमचं."

"अजून चुकतंय," पौलोस म्हणाले. "हे माझं नाही. माझ्या चित्रपटात तो माणूस थांबलेला नाही. त्याच्या पापण्या हलतायत. घाम पुसायला त्याचा हात वर येतो आणि पेटी बघून खाली जातो. मागे ढोलवाला टोपी काढतो. तुम्ही त्याचा फोटो केलात." त्यांनी रुमालाने हात पुसले. "आणि जिनं ऐकायचं ती इथं नाही."

अन्नच्चेची रविवारी आल्या नव्हत्या. भाचीने कळवले, की मावशी म्हणतात, पाचशे लोकांत पुन्हा फजिती नको. सोमवारी सकाळी पौलोसनी फोन केला.

"चेची, काल सगळ्यांनी ऐकलं. टाचणी पडली असती तरी कळलं असतं."

"हो का."

"खोटं सांगतोय का मी?"

"नाही रे. तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. चांगला आहेस तू पहिल्यापासून." मग पुढे म्हणाल्या, "माझा आवाज तेव्हाच बसायला लागला होता, पौलोसे. तुला सांगितलं नव्हतं."

"तुझा आवाज बसला नव्हता."

"बरं, नव्हता."

फोन ठेवल्यावर पौलोस अंगणात गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. त्रेस्याने खिडकीतून पाहिले. ते फणसाच्या झाडाशी उभे राहून कोणाला तरी शिव्या देत होते. झाडाखाली कोणी नव्हते.

मंगळवारी कंपनीचा निरोप आला. रविवारचा प्रकार कोणीतरी फोनवर टिपला होता आणि तो सगळीकडे फिरत होता: म्हाताऱ्या दिग्दर्शकाने स्वतःचा चित्रपट थांबवला. कंपनी खूश होती. त्यांचे म्हणणे असे, की थांबलेल्या चित्रावर रविवारच्या प्रेक्षकांचा खरा हशा घालून चित्रपट नव्याने देता येईल. प्रेक्षकांचेच हसू, दिग्दर्शकांचीच जागा. पणिक्कर हे सांगायला स्वतः घरी आले, मिठाई घेऊन.

"म्हणजे पाहुण्यासाठी तिण्णा नाही," पौलोस म्हणाले, "पण पाहुण्याचा पुतळा करून बसवणार."

"पौलोसेट्टा, थोडं व्यवहारानं बघा. वाक्य तर ऐकू येईल ना?"

"माषे, तुम्ही चाळीस वर्षं शिकवलंत. वर्गात प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करायला वेळ देत होतात की स्वतःच उत्तर सांगून टाकत होतात?"

पणिक्कर जायला उठले. मिठाईचा डबा टेबलावर तसाच राहिला.

पौलोसनी कंपनीला दोन गोष्टी कळवल्या. रेकॉर्ड केलेला हशा घालायला त्यांची परवानगी नाही. आणि मूळ चित्रपट मिळेपर्यंत श्रेयनामावलीतून त्यांचे नाव काढावे. पहिली गोष्ट कंपनीने मान्य केली, खर्च वाचला म्हणून असेल. दुसरी केली नाही. नावाशिवाय चित्रपट चालत नाही, असे उत्तर आले.

"सतरा चित्रपट माझ्या नावाशिवाय चालतात असं आयुष्यभर ऐकलं," ते त्रेस्याला म्हणाले. "लोक नटांना बघायला येतात म्हणे. आणि आता काढा म्हटलं तर चालत नाही."

गुरुवारी दुपारी मुगिलनचा फोन आला. तो कंपनीच्या वतीने बोलत नव्हता, हे त्याने आधीच सांगितले. डबे मोडीत गेले नव्हते. चेन्नईबाहेर रेडहिल्सच्या बाजूला कंपनीचे भाड्याचे गोदाम आहे, तिथे एका कोपऱ्यात आठ डबे सापडले. वरच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या आहेत, कोणत्या डब्यात कोणता भाग ते कळत नाही. तो सुट्टी टाकून तिथे गेला आहे.

"वास येतोय का?" पौलोसनी विचारले.

"येतोय, सर. डोळे झोंबतात."

"हाताने उलगडू नकोस. चिकटलं असेल तर ओढू नकोस. ओढलंस की चित्राची कातडी निघते."

"माहीत आहे, सर. ज्यांना उघडता येतं त्यांच्याकडे नेतोय."

शुक्रवारी सकाळी 'राफेल बँडसेट' फोनवर आला, अकरा मिनिटांनी कमी, पौलोस मालियेक्कल यांच्या नावासह. त्याखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. एकाने लिहिले, की त्या म्हाताऱ्या बाई काय पुटपुटतात ते कोणी सांगेल का.

शनिवार संध्याकाळपर्यंत आठपैकी चार डबे उघडले गेले. दोनमधली रिळे चांगली आहेत, एकातले अर्धे गेले, एकातले दगडासारखे झाले आहे. अंगणातला प्रसंग त्या चारांत नाही. दगड झालेल्या रिळात काय होते ते सांगता येत नाही. उरलेले चार सोमवारी उघडतील.

अन्नच्चेचींना यातले काही कळवलेले नाही.